दारूमुक्तीच्या पहिल्या मीटिंगला जाताना

पत्ता मिळतो, वेळ कळते, माणूस इमारतीपर्यंत पोचतोही. मग फोन कानाला लावून, कुणाशीच न बोलता, बाहेर फेऱ्या मारत राहतो आणि घरी परततो. मदतगटातल्या जुन्या मंडळींना विचारा, निम्मेअधिक जण हसून सांगतील, ‘मीही तेच केलं होतं.’ म्हणून पहिल्या खेपेला ध्येय छोटं ठेवा. दारू कायमची सोडायची की नाही हे आज ठरवायचं नाही. आज फक्त आत जाऊन तासभर खुर्चीत बसायचं.

त्याआधी मात्र एक गोष्ट डॉक्टरांची. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम, ताप, प्रचंड थरथर असं होऊन जिवावरही बेतू शकतं. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर गाठा. उपचार चालू असताना मीटिंगला जायला हरकत नाही, पण मीटिंग म्हणजे इस्पितळ नव्हे.

आता गट शोधू. सगळ्यात जास्त पसरलेलं जाळं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं, म्हणजे ए.ए.चं. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हे सर्जन, दोघेही दारूने पिचलेले, एकमेकांशी बोलत बसले. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलायचं, ही पद्धत तिथून सुरू झाली आणि आजही मूळ गाभा तोच आहे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सभासद टप्प्याटप्प्याने पाळतात त्या बारा सूत्रांमध्ये, ईश्वराचा उल्लेख येतो. ‘आपल्याला समजेल तसा’ अशी मोकळीक असली तरी काहींना तो खटकतो. अशांसाठी स्मार्ट रिकव्हरी हा वेगळा मदतगट आहे. तिथे विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे. पिणारा मीटिंगला यायला तयार नसेल, तरी घरच्यांनी तिथे जावं.

ए.ए.च्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ‘मीटिंग गाइड’ या अॅपवर जवळच्या मीटिंगा दिसतात. पण यादीवर विसंबू नका, कारण जागा आणि वेळा बदलतात. हेल्पलाइनला फोन करा. पलीकडे बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलं कुणीतरी असतं, त्यामुळे अडखळलात तरी चालेल. विचारायचं एवढंच: मीटिंग नक्की भरते का, कोणत्या भाषेत, फक्त महिलांसाठी आहे का, आणि ओपन की क्लोज्ड. ओपनला कुणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त स्वतःची दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. सोबत भावाला किंवा बायकोला न्यायचं असेल, तर ओपन निवडा.

दहा मिनिटं आधी पोचा. खुर्च्या मांडणारा जो कुणी दिसेल त्याला ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा, पुढचं तो पाहतो. मीटिंग तास-दीड तासाची असते. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा आणि पुढे जाऊ द्या. ‘मी अमुक, मी मद्यपी’ असं म्हणायची सक्ती नाही. दारू थांबवायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. आडनाव कुणी मागत नाही, फी नसते. ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते, ती नवख्याने खुशाल पुढे सरकवावी. कोण आलं होतं, कोण काय बोललं, ते मात्र बाहेर न्यायचं नाही.

मीटिंग संपल्या संपल्या पळू नका. माझ्या मते खरं काम त्यानंतरच्या दहा मिनिटांत होतं. दोन-तीन नंबर घ्या, आणि तलफ आली की प्यायच्या आधी फोन करा, नंतर नव्हे. पुढे स्पॉन्सर घ्यावासा वाटेल: काही काळ न पिता राहिलेला, शक्यतो तुमच्याच लिंगाचा सभासद. घाई नको, आणि नाही जमलं तर बदलता येतो. डॉक्टरांची औषधं बंद करा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ए.ए.लाही ते मान्य नाही. कुणी उसने पैसे मागू लागला, नको इतकी सलगी करू लागला, तर सरळ दुसरा गट धरा.

पहिली मीटिंग कंटाळवाणी गेली तरी निकाल देऊ नका. प्रत्येक गट स्वायत्त असतो, एकाचा सूर दुसऱ्यात नसतो. निदान पाच-सहा मीटिंगा, त्याही दोन-तीन गटांत, करून पाहा. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ जणांची माहिती तपासली होती. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणाऱ्या उपचारांनी पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा वाढलेलं दिसलं.

आणि मध्येच प्यालात तर? लाजेने महिनाभर तोंड लपवण्यापेक्षा लगेच पुढच्या मीटिंगला जा. त्याच दिवशी प्यायलेले असाल तर गाडी चालवू नका, मागे गप्प बसा, बोलणं पुढच्या खेपेला.