धंदा छोटा असला तरी मायक्रोलेंडिंगला (छोट्या उद्योजकांना छोटी कर्जं) हातभार कसा लावायचा (सोलापूरवाल्यांसाठी)

चादर-टॉवेलचं दुकान असो नाहीतर घरून शेंगा चटणीची पार्सलं पाठवायचा धंदा, विक्रीतला थोडा पैसा छोट्या उद्योजकांना कर्ज म्हणून फिरवता येतो. दान नाही हं, कर्ज. म्हणजे परत यायची शक्यता आहे, बुडायचीही आहे, दोन्ही धरूनच चाला.

आधी एक सांगतो, गल्लीतल्या ओळखीच्या बाईला थेट व्याजाने पैसे द्यायला जाऊ नका. मन चांगलं असेल तुमचं, पण महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, लायसन्स नसताना व्याजावर पैसे फिरवायचा धंदा केला तर तो गुन्हा आहे, जेलपर्यंत जातं प्रकरण. म्हणून मधे कोणीतरी परवानगीवाला लागतो.

आता असे दोन रस्ते आहेत. बाहेरच्या देशातल्या लोकांना मदत करायची तर किवा नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, २००५ पासून चालू आहे, २५ डॉलरपासून पैसे लावता येतात, केनियातला भाजीवाला, पेरूतली विणकाम करणारी बाई असे लोक तिथं असतात. तुम्हाला व्याज शून्य. पण कर्जदाराला बहुतेक वेळा व्याज लागतंच, कारण तिथली स्थानिक संस्था घरोघरी फिरून वसुली करते, तिचा खर्च असतो, तेव्हा दुकानात "बिनव्याजी कर्ज देतो" असा बोर्ड लावून मोकळे होऊ नका. आणि रुपये देशाबाहेर पाठवायचे म्हणजे फेमाचे, म्हणजे परदेशी चलनाच्या कायद्याचे, नियम आले, सीएला विचारल्याशिवाय धंद्याच्या खात्यातून कार्ड मारू नका.

मला स्वतःला दुसरा रस्ता बरा वाटतो. आपल्याच देशात रंग दे नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे, २००८ साली सुरू झालेला, आता रिझर्व्ह बँकेच्या पी-टू-पी (देणारा आणि घेणारा यांना थेट जोडणारं कर्ज) नियमांखाली चालतो. या नियमांत फर्मलाही पैसे लावता येतात. पैसा एस्क्रो खात्यातून, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यातून, फिरतो, प्लॅटफॉर्म तो स्वतःच्या खिशात ठेवू शकत नाही, कर्ज जास्तीत जास्त ३६ महिन्यांचं, आणि एका कर्जदाराला तुम्ही ५० हजारांच्या वर देऊ शकत नाही. बुडालं तर नुकसान पूर्ण तुमचं. कोणी "पक्का रिटर्न देतो" म्हणाला की तिथूनच उठायचं, प्लॅटफॉर्मला तसं सांगायची परवानगीच नाही.

पैसे कुठून काढायचे? सगळ्यात सोपं म्हणजे नगावर रक्कम ठरवा. समजा एका चादरीमागे २० रुपये, महिन्याला १५० चादरी गेल्या तर ३,००० झाले. नफ्याचा टक्का धरला तर महिनाअखेरीस हिशोब लागेपर्यंत उत्साह संपतो, नगाचं गणित गल्ल्यावरचा पोरगाही करतो. हे ३,००० एकाच माणसावर लावू नका, ५०० चे सहा भाग करा. समजा १२ समान हप्ते ठरले तर महिन्याला मुद्दलाचे २५० परत येतात, ते पुढच्या महिन्याच्या पैशात मिसळून परत लावायचे.

कोणाला द्यायचं हे बघताना फोटो आणि दुःखाची गोष्ट बाजूला ठेवा, हप्ता आणि कमाई एका चालीने चालतात का ते बघा. कडक भाकरी करणाऱ्या बाईच्या हातात रोज पैसा येतो, तिला महिन्याचा हप्ता झेपतो. शेळ्या घेणारीला विक्री होईपर्यंत काहीच मिळत नाही, मग पुढच्याच महिन्यापासून हप्ता लावला असेल तर ती तो कुठून भरणार? दुसरीकडून उचलूनच ना. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकणाराला डिसेंबरात माल भरायला पैसा लागतो आणि जानेवारीत सुटतो, त्याला वर्षभराचं कर्ज कशाला बे? आधीच दोन-तीन ग्रुपचे हप्ते चालू असतील तर चौथं कर्ज म्हणजे मदत नाही. मायक्रोफायनान्सवाल्यांसाठी २०२२ पासून नियमच आहे, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तोच काटा तुम्हीही वापरा.

हिशोबात ही रक्कम खर्चात टाकू नका, मुद्दल येणं म्हणून दाखवा, व्याज मिळालं तर ते उत्पन्न, त्यावर टॅक्स. ८०जी वगैरे दानावरची टॅक्स सवलत इथं लागत नाही, गिऱ्हाईकाने विचारलं तर स्पष्ट सांगा.

अजून एक, जरा टोचेल पण बोलतोच. टॉवेलला काठ शिवून देणाऱ्या बायकांची मजुरी दोन-दोन महिने अडकवायची आणि बाहेर मायक्रोलेंडिंगची पाटी लावायची, हे चालणार नाही. तुम्ही थकवलेली मजुरी म्हणजे ती बाईच तुम्हाला बिनव्याजी कर्ज देतेय! आधी ते मोकळं करा. त्या बायकांचा बचत गट असेल तर सहा महिने नियमित बचत आणि मीटिंगचं रजिस्टर नीट ठेवायला मदत करा, त्यावर बँकेचं कर्ज मिळतं, नाबार्डने १९९२ पासून ही जोडणी चालू केलीय.

पार्सलमध्ये चिठ्ठी टाकायची तर आकडे टाका, किती लावले, किती परत आले, किती थकले. कर्जदाराचा फोटो तिला विचारल्याशिवाय छापू नका. आणि हप्ता चुकला तर तिचा नंबर शोधून फोन करत बसू नका, वसुली प्लॅटफॉर्मची जबाबदारी आहे.