घरातील ऐतिहासिक वस्तू संग्रहालयाला मुदतीने देताना

घरात जपलेली तलवार, पत्रांचा गठ्ठा किंवा एखादे जुने घड्याळ लोकांना पाहता यावे, पण त्यावरची मालकी मात्र आपलीच राहावी, असे मनात असेल, तर आपण वस्तू दान करत नसून ठरावीक मुदतीसाठी देत आहोत, हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावे. दानपत्रावर सही झाल्यावर वस्तू परत मागता येत नाही, म्हणून पुढे आलेल्या कागदाचे शीर्षक आणि मालकीविषयीचे कलम शब्दन्शब्द वाचावे. ‘कायमस्वरूपी उसनी’ असा मोघम उल्लेख दिसल्यास तो बदलून घ्यावा. अनेक संग्रहालये स्वतःच तो टाळतात.

वस्तू घेऊन थेट संग्रहालयात जाऊ नये. आधी छायाचित्रे, मोजमापे आणि वस्तू आपल्याकडे केव्हा व कोणाकडून आली याची हकिकत अभिरक्षकाकडे, म्हणजे संग्रहालयात संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवावी. खरेदीची पावती, मृत्युपत्र किंवा ती वस्तू दिसत असलेले जुने कौटुंबिक छायाचित्र यांना मोठे मोल आहे. घरात केवळ सांगितली जाणारी माहिती मात्र ऐकीव म्हणूनच नोंदवावी. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला आणि त्यानंतर देशाची सीमा ओलांडलेल्या वस्तूंची कागदपत्रे संग्रहालये विशेष कसोशीने तपासतात. नकार आला तरी वस्तू कमी मोलाची ठरत नाही. बहुतेक वेळा जागेची किंवा संग्रहाच्या विषयाची अडचण असते.

पाठवण्यापूर्वी वस्तू घासून लख्ख करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. चांदी-पितळेच्या प्रत्येक घासणीत धातूचा पातळ थर जातो, कोरलेली अक्षरे बोथट होतात आणि वापराच्या खुणा कायमच्या पुसल्या जातात.

वस्तू सुपूर्त करतानाचा स्थिती-अहवाल हा माझ्या मते या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. ‘पत्र जुने व जीर्ण’ एवढ्या नोंदीने पुढे काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘उजव्या खालच्या कोपऱ्यापासून १२ मिलिमीटर चीर, मधल्या घडीवर शाई फिकट, मागे टाचणीच्या गंजाचा एक डाग’ अशी नोंद हवी, सोबत दोन्ही बाजूंची, मोजपट्टी ठेवून काढलेली, तारीख असलेली छायाचित्रे हवीत आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. वस्तू परत येईल तेव्हा हाच अहवाल हातात धरून ती तपासावी आणि मगच पोचपावतीवर सही करावी.

विमा वस्तू आपल्या हातातून निघाल्यापासून परत हातात येईपर्यंतचा, म्हणजे दोन्ही वेळच्या वाहतुकीसह असावा आणि त्याच्या प्रमाणपत्राची प्रत वस्तू हलवण्यापूर्वी मिळावी. किंमत स्वतंत्र मूल्यांककाकडून ठरवून ती करारात लिहावी. हितसंबंधांचा प्रश्न येत असल्याने संग्रहालये सहसा स्वतः मूल्यांकन करत नाहीत.

कागद आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशमान मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नसावा. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून निघत नाही, त्यामुळे पत्र काही महिन्यांनी मांडणीतून काढून अंधारात ठेवले जात असेल, तर त्यात उपेक्षा मानू नये. दुरुस्ती, तपासणीसाठी नमुना काढणे किंवा चौकट उघडणे यांसाठी आपली लेखी परवानगी आवश्यक असल्याचे कलम घालावे. छायाचित्रांच्या वापराचेही ठरवावे. मात्र पत्राचा कागद आपल्या मालकीचा असला, तरी त्यातील मजकुराचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) सहसा लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, हे ध्यानात ठेवावे. नाव जाहीर करायचे नसल्यास फलकावर ‘खासगी संग्रह’ असे लिहवून घेता येते.

मुदतीची शेवटची तारीख करारात असलीच पाहिजे आणि मुदतवाढ प्रत्येक वेळी लेखीच व्हावी. पत्ता बदलला, अभिरक्षक बदलले, मालकाचे निधन झाले आणि वस्तू कोणाची हेच कोणाला ठाऊक राहिले नाही, असे अनेक संग्रहालयांत घडलेले आहे. काही ठिकाणी कायद्याने ठरवलेल्या नोटिशीनंतर अशा बेवारस वस्तूंवर संग्रहालयाचा हक्क लागतो. म्हणून पत्ता बदलताच संग्रहालयाला कळवावे, आपल्या पश्चात वस्तू कोणी परत घ्यायची त्याचे नाव करारात घालावे, आणि संग्रहालयाने वस्तूला दिलेला क्रमांक कराराच्या प्रतीवर ठळक लिहून ती प्रत मृत्युपत्रासोबत ठेवावी.