दोन बिटांचा फ्लॅश एडीसी: एका तासिकेत बसणारा

एडीसी (व्होल्टेजचं आकड्यांत रूपांतर करणारं सर्किट) शिकवताना तयार आयसी लावली की आत काय चाललंय ते मुलांना दिसत नाही. त्यापेक्षा दोनच बिटांचा फ्लॅश एडीसी, म्हणजे सगळ्या पायऱ्यांशी एकाच वेळी तुलना करणारा, ब्रेडबोर्डवर जोडावा. प्रत्येक सांध्यावर मल्टिमीटर टेकवता येतो आणि कोडचे चारच आकडे असल्याने ते फळ्याच्या कोपऱ्यात मावतात.

सामान असं: एलएम३३९ एक (आत चार कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारे), ७४एचसी०० एक (आत चार नँड गेट), १ किलोओहमचे रेझिस्टर सात (त्यातले पाच १ टक्का मेटल फिल्मचे), १० किलोओहमचे तीन, १० किलोओहमचा लिनिअर पॉट (फिरवून व्होल्टेज बदलायचा पोटेन्शिओमीटर), लाल एलईडी दोन, १०४ लिहिलेले कपॅसिटर तीन, आणि ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर. ठाण्याहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर दादरला गाडी बदलून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरा. रविवारी मात्र बहुतेक दुकानं बंद असतात. आयसी दोन-दोन घ्या, वर्गात एखादी उलटी बसतेच.

आधी शिडी. पाच मेटल फिल्म रेझिस्टर ५ व्होल्ट ते ग्राउंड एका ओळीत जोडा. खालून १, २ आणि ३ व्होल्टचे सांधे मिळतात. पुस्तकी आकृतीत चारच रेझिस्टर असतात, पण मग वरचा सांधा ३.७५ व्होल्टवर जातो. एलएम३३९ ला ५ व्होल्ट दिले तर तिच्या इनपुटची हमी साधारण ३.५ व्होल्टपर्यंतच असते. पाचवा रेझिस्टर हा त्यावरचा स्वस्त उपाय, शिवाय पायऱ्या बरोबर एकेका व्होल्टच्या होतात.

एलएम३३९ ला ५ व्होल्ट पिन ३ वर आणि ग्राउंड पिन १२ वर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लॉजिक आयसीच्या सवयीने हात १४ आणि ७ कडे जातो. हिची १४ ही आउटपुट आहे. तिथे थेट ५ व्होल्ट दिले आणि आतला ट्रान्झिस्टर सुरू झाला की आयसी तापते.

पॉटची टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली पिन एलएम३३९ च्या ५, ७ आणि ९ ला. शिडीचे १, २, ३ व्होल्ट अनुक्रमे ४, ६, ८ ला. वापरात नसलेल्या १० आणि ११ ग्राउंडला. आउटपुट त्याच क्रमाने २, १, १४ वर येतात. त्यांना क, ख, ग म्हणू. हे आउटपुट फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत. म्हणून प्रत्येकाला १० किलोओहमने ५ व्होल्टशी बांधा. हे विसरलात तर नुसता हात जवळ नेला तरी एलईडी लुकलुकतात.

आता ७४एचसी००, इथे मात्र ५ व्होल्ट १४ वर, ग्राउंड ७ वर. ख पिन १ आणि २ ला. क पिन ४ ला, आणि ३ वरून वायर ५ ला. ग पिन ९ आणि १० ला. ६ वरून १२ ला, ८ वरून १३ ला. चारही गेट कामाला लागले. पिन ११ वर लहान बिट (कोडचा उजवीकडचा आकडा) मिळतो. तिथून १ किलोओहम आणि एलईडी ग्राउंडला.

मोठा बिट (डावीकडचा आकडा) म्हणजे खुद्द ख. पण एलईडी थेट ख पासून ग्राउंडला लावू नका: १० किलोओहममधून तो जेमतेम मिणमिणतो आणि ख ला दोनेक व्होल्टवर दाबून धरतो, मग गेटला तो १ वाटेलच याचा भरवसा नाही. त्याऐवजी ५ व्होल्टपासून एलईडी आणि १ किलोओहम ७४एचसी०० च्या पिन ३ ला जोडा. ख वर गेला की पिन ३ खाली येते आणि दिवा लागतो.

दोन्ही आयसींच्या सप्लायवर एकेक १०४, तिसरा पॉटच्या मधल्या पिनवरून ग्राउंडला. पॉट फिरवताना ००, ०१, १०, ११ असं दिसायला हवं. ०१ कधीच न येता ०० वरून थेट १० वर उडी मारली, तर एलएम३३९ च्या १ आणि २ च्या वायरी अदलाबदल झाल्यात. अर्धंच सर्किट चालत असेल तर ब्रेडबोर्डची कडेची पट्टी मध्यावर तुटक आहे का पाहा; बऱ्याच बोर्डांवर असते. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर कपाटात पडलेल्या बोर्डाच्या स्प्रिंगांवर तर विसंबूच नका.

मुलांना १.१ आणि १.९ व्होल्ट देऊन दोन्हींचा कोड वाचायला लावा. दोन्ही ०१. ‘मग मधले ०.८ व्होल्ट गेले कुठे?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो, आणि तिथून क्वांटायझेशनवर, म्हणजे सलग व्होल्टेज मोजक्या पायऱ्यांत बसवण्यावर, जाणं सोपं पडतं. आठ बिट हवे असतील तर असे २५५ कम्पॅरेटर लागतील, हेही तेव्हाच सांगून टाका.

वेळ उरला तर पॉट काढून ५ व्होल्टच्या बाजूला एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) आणि ग्राउंडच्या बाजूला आणखी एक १० किलोओहम लावा. मोबाइलचा टॉर्च जवळ-दूर केला की आकडे बदलतात. ट्यूबलाइटखाली पायरीच्या कडेवर लहान बिट थरथरला तर या दोघांच्या मधल्या सांध्यावर १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बसवा, ऋण टोक ग्राउंडला.