पन्नी कुठे आवळायची, कुठे मोकळी सोडायची: खान्देशासाठी हिवाळी सल्ला

दिवाळी सरली की खान्देशात सगळा माल एकदमच अंगावर येतो. मका खळ्यावर, कापूस ओसरीत, साक्रीकडे लाल कांदा, नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या, आणि रावेर, यावल, चोपड्यात केळीची कटाई तर बारमाही चालूच. यातल्या प्रत्येकाच्या अंगावर कुठलं ना कुठलं प्लास्टिक चढतं: ताडपत्री, मेनकापड, गोणी, पिशवी, फोम. एकदा पन्नी टाकली की माल सांभाळला, असं बहुतेकांना वाटतं. पण जी पन्नी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती आतली ओलही बाहेर सोडत नाही. हिवाळ्यात नुकसान होतं ते बहुधा या दुसऱ्या बाजूनेच.

आपल्याकडे या दिवसांत दुपार तापते आणि पहाटे हुडहुडी भरते. दिवसा झाकलेल्या ढिगातली ओल वाफेसारखी वर येते, रात्री थंड पडलेल्या ताडपत्रीला आतून चिकटते आणि थेंब होऊन पुन्हा मालावरच पडते. सकाळी ताडपत्री उचलून तिच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. हात ओला झाला तर माल अजून वाळलेला नाही, हे समजून घ्या. अशा ढिगाचा वरचा वीतभर थर आधी काळवंडतो, मग त्याला कुबट वास सुटतो. म्हणून खळ्यावरच्या मक्याला ताडपत्री संध्याकाळी दहिवर पडायच्या आत टाकावी आणि ऊन वर आलं की काढावी. दोनदा उठबस होते, सालदार कुरकुरतो, पण याला पर्याय नाही. ढिगाखाली मात्र मेनकापड कायम हवं, कारण जमिनीची ओल खालून चढते.

मका साठवायचा असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणावा. दाणा दाताखाली फोडून बघायची आपली पद्धत वाईट नाही, पण त्याहून भरवशाची एक युक्ती आहे. काचेची कोरडी बरणी घ्या, एक तृतीयांश मका भरा, दोन-तीन चमचे उन्हात कडकडीत वाळवलेलं मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर चांगली हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. असा माल कुठल्याही पिशवीत बांधू नका. मीठ सुटं राहिलं तरी आणखी एक-दोन उन्हं दिलेली बरी.

माल नीट वाळला असेल तर हवाबंद पिशवी फार कामाची. बाहेरून साधी गोणी आणि आत जाड प्लास्टिकची, हवा न जाऊ देणारी पिशवी, अशी ही रचना असते. पिशवी भरून, दाबून, हवा काढून तोंड पिळा, दुमडा आणि घट्ट बांधा. आतली कीड आणि दाणे मिळून उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि कीड गुदमरून मरते. किमान तीन आठवडे पिशवी उघडू नका. रोज वाटीभर दाणे काढायला उघडली तर तिच्यात आणि साध्या गोणीत फरक राहत नाही. खायचं धान्य वेगळं काढा आणि मोठा साठा बांधून ठेवा. हीच पद्धत पुढे दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्यालाही चालते, बियाण्यालाही चालते. मात्र बियाण्याच्या बाबतीत वाळवणीत कसूर झाली तर उगवणच जाते. या पिशवीचा मोठा फायदा म्हणजे धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या विषारी गोळ्या लागत नाहीत. राहत्या घरात, झोपायच्या खोलीशेजारी गोळ्या टाकलेलं धान्य ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण त्यातून निघणारा वायू माणसालाही तसाच मारतो.

कापसाचं उलट आहे. इथे प्लास्टिक जितकं दूर, तितकं बरं. वेचणीला युरियाची रिकामी गोणी कमरेला बांधायची सवय आपल्याकडे फार पक्की, आणि हीच गोणी घात करते. उन्हात जीर्ण झालेल्या गोणीचे बारीक धागे सुटतात, कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये (सरकी वेगळी काढताना) तुटून आणखी बारीक होतात आणि पुढे सुतात जातात. प्लास्टिकच्या धाग्याला कापसाचा रंग चढत नाही, त्यामुळे रंगवलेल्या कापडावर तो डाग म्हणून उठून दिसतो. सूतगिरण्यांची जुनी तक्रार आहे ही, आणि दराची कात्री शेवटी आपल्याच दारात येते. जुन्या धोतराची किंवा सुती लुगड्याची झोळी शिवून घ्या. वेचणाऱ्या बायांच्या कमरेलाही ती हलकी. गोण्यांची तोंडं शिवायलाही सुतळी किंवा सुती दोराच वापरा.

भावाची वाट बघत घरात कापूस रचून ठेवणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. अंगाला खाज सुटते, पोरं शिंकतात, तरी ढीग हलत नाही. अशा ढिगावर मेनकापड गच्च गुंडाळू नका. सुती चादर टाका. सकाळचा दहिवरलेला कापूस वेचून थेट ढिगात टाकला आणि वरून पन्नी लावली तर आतून ऊब धरते आणि कापूस पिवळा पडतो. सरकारी खरेदीत पूर्ण भावासाठी ८ टक्के ओलावा मूळ धरतात, १२ च्या वर गेला की माल परत. बाहेर अंगणात ठेवायची वेळ आलीच तर ताडपत्री बांबूवर उचलून धरा, ढिगाला चिकटू देऊ नका.

आता केळी, जिच्यात प्लास्टिकचं काम सर्वांत बारीक आहे. केळफूल काढल्यावर घडाला चढवायची स्कर्टिंग बॅग थंडीत खरोखर उपयोगी पडते. थंड वारा, धूळ, पानांचं घासणं आणि फुलकिड्यांचे ओरखडे यांपासून सालीला आडोसा मिळतो आणि घड भरायला मदत होते. साधारण १०० गेज जाडीची, २ टक्के छिद्रांची पिशवी हिवाळ्यात चालते. उन्हाळ्यात छिद्रं जास्त हवीत, नाहीतर घड भाजतो. पिशवीचं खालचं तोंड कायम मोकळं ठेवावं.

कटाईनंतर फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात चीक काढला की पुढची पायरी घाईत उरकली जाते, ती म्हणजे वाळवणं. ओली फणी पिशवीत गेली की देठाच्या कापावर बुरशी धरते. पंख्याखाली पाणी पूर्ण निथळू द्या. खोक्यात आधी पातळ पॉलिथिनची पिशवी, मग फण्या पाठी वर करून, प्रत्येक थरामध्ये फोम, शेवटी पंपाने हवा ओढून तोंडाला रबर. निर्यातीच्या खोक्यात साधारण १३ ते साडेतेरा किलो माल बसतो. दाबून १४-१५ भरायचा मोह टाळा, खालची फणी त्याची किंमत मोजते. हवा काढलेल्या पिशवीत प्राणवायू कमी पडतो म्हणून केळी हळू पिकतात. पण त्यात एक जरी केळं पिकू लागलेलं असलं तर त्यातून निघणारा इथिलीन वायू सगळं खोकं पिकवतो. त्यामुळे पिवळसर झाक दिसलेलं केळं निर्दयपणे बाजूला काढा.

हिरव्या केळीला १३ ते १४ अंश तापमान मानवतं. त्याखाली गेली की सालीच्या आतल्या शिरा तपकिरी होतात आणि पिकल्यावर पिवळाऐवजी राखाडी, मळकट रंग येतो. पौषात दिल्ली-पंजाबकडे उघड्या गाडीत सुटी केळी पाठवताना हाच धोका असतो. बाजूंना केळीच्या पानांचा जाड थर आणि वर रात्रीपुरती ताडपत्री हवी. गाडी दिवसा उन्हात उभी राहिली तर ताडपत्रीची मागची बाजू उचलायला चालकाला आधीच बजावून सांगा, कारण केळी स्वतःही ऊब सोडतात.

कांद्याला जाळीची पिशवी, बाकी काही नको. त्यावर पन्नी टाकून गाडी आवळणं म्हणजे सडका कांदा विकत घेणं. मिरची पथारीवरून उचलताना मुठीत दाबा. खुळखुळ आवाज आला पाहिजे आणि ती लवचीक लागता कामा नये. मग ती आत पिशवी असलेल्या गोणीत भरली तर रंग टिकतो. ओली भरली तर बुरशी आणि तिचं विष, दोन्ही.

पिशव्या घेताना दुकानदार गेज सांगतो आणि कागदावर मायक्रॉन असतात. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. उन्हात राहणारी ताडपत्री अतिनील किरणांना टिकणारी आहे का, हे विचारून घ्या, नाहीतर एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो. औषधांच्या किंवा खतांच्या पिशव्यांत धान्य भरू नका, कितीही धुतल्या तरी. उतरवलेल्या स्कर्टिंग बॅगा बांधावर टाकल्या तर गुरं चघळतात आणि जाळल्या तर धूर आपल्याच घरात येतो. गठ्ठा बांधून भंगारवाल्याला द्या. हवाबंद पिशवी रिकामी झाली की तिच्यात हवा भरून तोंड पिळा आणि दाबून बघा. कुठून फुस्स झालं तर ती आता साधी पिशवी समजा आणि पुढच्या हंगामाला नवी घ्या.