देवमाशाचं गाणं घरी कसं ऐकायचं

गेल्या पावसात गुहागरला घरी अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बचं 'व्हॉक्स बालेने' (म्हणजे देवमाशाचा आवाज) पहिल्यांदा लावलं, तेही मोबाईलच्या स्पीकरवर आणि वर पत्र्यावर धो धो चालू, पाच मिनिटांत आई आतून ओरडली, 'अरे कोणाचा गळा दाबतायत?' केलं बंद. चूक माझीच, तुम्ही करू नका म्हणून लिहितोय.

तर पागोळ्या थांबू देत, दिवाळीनंतर बसलात तर उत्तमच, रात्री जेवणं उरकली की पडवीतला दिवा घालवा आणि हेडफोन लावा. हेडफोन लागतातच. पीस वीसेक मिनिटांचाच आहे, १९७१ चा, वाद्यं तीनच, फ्लूट, चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ), पियानो. पण तिन्हींचा आवाज माईकमधून मोठा केलेला, त्यामुळे तारेवरची बारीक खरखरसुद्धा कानाशी येते.

क्रम्बने १९६९ मध्ये हंपबॅक देवमाशांच्या आवाजाची टेप ऐकली, तिथून हे सुचलं. सुरुवातीला फ्लूटवाला एकाच वेळी फुंकतो पण आणि गातो पण. घरात बासरी असेल तर करून बघाच, मी केलं, नुसती थुंकी उडाली, पण त्यानंतर तो भाग ऐकताना कान वेगळेच झाले.

मग चेलो. त्याच्या चारपैकी तीन तारा नेहमीच्या सुरावर नसतात, दोन अर्ध्या सुराने उतरवलेल्या, एक चढवलेली. मालकंसाला आपण तानपुऱ्यात पंचमाऐवजी मध्यम लावतो ना, तेवढ्याने अख्ख्या खोलीचा रंग बदलतो, तसंच काहीसं समजा. पुढे तोच चेलो तारेवरून बोट घसरवत किंकाळतो, थंडीत हर्णै बंदरावर मासळी उतरते तेव्हा सीगल ओरडतात, डिट्टो तसा! इथे रिवाइंड करा, मी चारदा केलं.

मधल्या पाच व्हेरिएशन्सना, म्हणजे एकाच सुरावटीच्या बदलत्या रूपांना, पृथ्वीच्या युगांची नावं आहेत, आर्किओझोइक ते सेनोझोइक, ती पाठ करत बसू नका. आणि राग कुठला, सम कुठे, हे शोधायला गेलात तर वैतागाल.

दुसऱ्यांदा मात्र व्हिडिओ बघा. वाजवणाऱ्यांनी अर्धे काळे मुखवटे घालावेत आणि स्टेजवर निळा उजेड असावा असं क्रम्बचं सांगणं. आपल्याकडे शिमग्यात संकासूर मुखवट्यात आला की पोरं पळतात, खरं तर आत शेजारचाच कोणीतरी असतो, इथे उलट आहे, आतला माणूस पुसूनच टाकायचा आणि फक्त निसर्ग उरवायचा.

व्हिडिओ सांगायचं खरं कारण शेवट. दहा सुरांची एक ओळ परत परत येते, दर वेळी आणखी हळू, आणि शेवटच्या वेळी ते वाजवत नाहीत, नुसता वाजवल्याचा अभिनय करतात. हात हलतोय, आवाज नाही. तेव्हा पंखा बंद असू द्या आणि हेडफोन लगेच काढू नका.