लिंबची बारा मोटांची विहीर डूममध्ये अशी उतरवली

मी साताऱ्यात एका ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर घरांचे प्लॅन काढतो आणि रात्री जेवणं आटपली की डूमचे. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या, राक्षसांना गोळ्या घालायच्या या कॉम्प्युटर गेमची प्रत्येक लेव्हल म्हणजे वरून पाहिलेला प्लॅनच असतो. रेषांनी एक तुकडा बंदिस्त करायचा आणि त्याला तीन आकडे द्यायचे: जमीन किती उंचीवर, छत किती उंचीवर, उजेड किती. खोली तयार. या तुकड्याला सेक्टर म्हणतात, रेषेला लाइनडेफ. ज्याला गटाचा नकाशा वाचता येतो त्याला हे नक्की जमतं.

पहिली लेव्हल पायाखालच्या जागेची करा, असं मी सगळ्यांना सांगतो. मनाने रचलेल्या किल्ल्यात पुढचं दार कुठे काढायचं तेच सुचत नाही. माहीत असलेल्या जागेत ते आधीच ठरलेलं असतं. मी घेतली साताऱ्याजवळच्या लिंब गावची विहीर. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, अष्टकोनी, ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. लहानपणी मामाकडे गेलो की दुपारी आम्ही तिच्या पायऱ्यांवर बसायचो.

सामान सगळं फुकट मिळतं. काढायला अल्टिमेट डूम बिल्डर, खेळायला जीझेडडूम, आणि भिंती, राक्षस, आवाज यांच्यासाठी फ्रीडूम. मूळ गेम विकत घेतला नसेल तरी फ्रीडूमवर काम होतं, कारण टेक्स्चरांची, म्हणजे भिंतींवर चिकटवायच्या चित्रांची, नावं तीच आहेत. नवा नकाशा उघडताना फॉरमॅट साधा ‘डूम २’ निवडा. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सोयी भरपूर आहेत, पण शिकताना त्या वाटेत येतात.

आता माप. गेमच्या मापात खेळाडूची उंची ५६ युनिट आहे, म्हणून मी १० युनिटांना एक फूट धरतो. ५० फुटांची विहीर ५०० युनिटांची झाली, ती ५१२ करा. ग्रिड ३२ वर ठेवा, ५१२ चा चौकोन काढा आणि चारही कोपरे १६०-१६० ने छाटा. सरळ बाजू १९२ च्या राहतात, म्हणजे ६४ च्या तिप्पट, त्यामुळे टेक्स्चर मध्येच तुटत नाही. तिरक्या बाजू सुमारे २२६ च्या येतात. तिथे दगडाचे सांधे हाताने जुळवावे लागतात, आणि ते जुळवाच. काळ्या घडीव दगडासाठी स्टोन२ चांगलं दिसतं.

खोलीला मी फसलो. ११० फूट म्हणजे ११०० युनिट, तेवढी खणली. वरून गोळी झाडली तर तळातल्या इंपला, म्हणजे एका जातीच्या राक्षसाला, लागेचना. कारण समजायला दोन रात्री गेल्या. मूळ डूममध्ये वर-खाली बघता येत नाही, नेम गेम आपोआप धरतो, आणि तो १६० युनिट अंतराला १०० युनिटच वर किंवा खाली जातो. म्हणजे एका काठावरून ५१२ युनिट पलीकडच्या भिंतीचं जेमतेम ३२० खोलीपर्यंतचं लक्ष्य सापडतं. मी विहीर ३२० वर आणली. खरी खोली गेली याची हळहळ वाटली, पण काठ आणि तळ एकमेकांशी लढू लागले. मापापेक्षा नजर महत्त्वाची, हे ऑफिसातही साहेबांना सांगायला मला आवडेल.

पायऱ्यांचं गणित सोपं आहे. खेळाडू एका पावलात २४ युनिटपर्यंत चढतो. मी १६ ची पायरी ठेवली, ३२ रुंद, २० पायऱ्यांत तळ. प्रत्येक पायरी म्हणजे वेगळा सेक्टर, आधीच्यापेक्षा १६ ने खाली. उजेड उतरवायचा असेल तर तोही १६ च्या पटीत उतरवा. मी आधी आठ-आठने कमी करत होतो आणि फरक का दिसत नाही म्हणून डोळे चोळत होतो. मूळ इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, उजेडाच्या १६ च पायऱ्या ओळखतं. आणखी एक गंमत: पूर्व-पश्चिम जाणारी भिंत ते जरा काळोखी दाखवतं, दक्षिणोत्तर जाणारी जरा उजळ, तिरकी मधली. अष्टकोनात हे इतकं शोभतं की दिवे न लावताच प्रत्येक पाख वेगळी दिसते. मी पहिल्यांदा तळात उभा राहून गोल फिरलो तेव्हा खरोखर लिंबात उभा असल्यासारखं वाटलं.

आता अवघड भाग. खऱ्या विहिरीत पायऱ्या उतरून कमानीखालून आत जातो आणि त्या कमानीवर महाल आहे. डूममध्ये मजल्यावर मजला चढत नाही. एका जागी एकच जमीन आणि एकच छत. कमानीचा बोळ ठेवला तर महाल जातो. मी बोळ ठेवला: काठ शून्य धरला तर जमीन उणे ३२०, छत उणे १९२. विहिरीवर आकाश आहे, पण बोळाचं छत खाली आहे, त्यामुळे बोळाच्या तोंडावर थेट आकाशापर्यंत भिंत उभी राहते. आधी ती मला खटकली. मग लक्षात आलं, हाच महालाचा दर्शनी भाग! तिला खिडक्यांचं टेक्स्चर दिलं. आतला महाल नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात वेगळा बांधला. बोळातल्या कोनाड्यात एक रेषा, तिला क्रिया ९७ आणि एक टॅग, म्हणजे जोडी जुळवणारा आकडा, आणि महालाच्या सेक्टरला तोच टॅग. तिथे १४ क्रमांकाची वस्तू ठेवली की खेळाडू क्षणात तिच्यावर उतरतो. परतीसाठी तशीच दुसरी जोडी.

दार करताना नवशिका हमखास अडतो, म्हणून सावकाश सांगतो. दाराचा पातळ सेक्टर काढा आणि त्याचं छत जमिनीला टेकवा. दोन्ही दर्शनी रेषांना क्रिया १ द्या. त्या रेषांवरचं छोटं टोक बाहेर, म्हणजे दार उघडणाऱ्याकडे हवं. आत असेल तर दार कितीही ढोसलं तरी उघडत नाही. एफ दाबून रेषा उलटवा. बाजूच्या चौकटींच्या रेषांना ‘लोअर अनपेग्ड’ ही खूण द्या, नाहीतर दाराबरोबर चौकटही वर सरकते. निळ्या किल्लीचं दार हवं असेल तर क्रिया २६. कुठे भिंत देताना टेक्स्चर विसरलात तर तिथे आरशांची गल्ली झाल्यासारखं चित्र फाटतं. एफ४ दाबा, चुका यादीत येतात.

राक्षस थोडेच ठेवा. माझ्याकडे सहा इंप आणि दोन डीमन, म्हणजे चावणारे राक्षस, आहेत, सुरुवातीला एक शॉटगन. डीमनने मात्र मला धडा शिकवला. मूळ इंजिनात चावा घेताना उंची बघितलीच जात नाही. तळातला डीमन भिंतीला चिकटला की काठावर उभ्या खेळाडूला ३२० युनिट खालून चावतो! जीझेडडूममध्ये हे होत नाही, म्हणून मला कळलंच नाही. मूळ इंजिनासारखंच वागणाऱ्या चॉकलेट डूममध्ये चालवलं तेव्हा दिसलं. उपाय म्हणून तळात भिंतीपासून ६४ आत दुसरा अष्टकोन काढला आणि त्या रेषांना राक्षसांना अडवणारी ‘ब्लॉक मॉन्स्टर’ ही खूण लावली.

तयार झाल्यावर खेळायला दुसऱ्याला बसवा आणि तोंड बंद ठेवून मागे उभे राहा. माझ्या पुतण्याने पहिल्याच मिनिटाला काठावरून खाली उडी मारली. डूममध्ये पडून इजा होत नाही. वीस पायऱ्यांवर मी रचलेली सगळी लढाई त्याने तशीच सोडली. उडी बंद करावी असं मला वाटेना, विहीर म्हटलं की उडी आलीच. म्हणून निळी किल्ली महालात ठेवली आणि बाहेर पडायचं दार वर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी. कोणी उडी मारो वा उतरो, वर येताना त्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि इंप तिथे वाटच बघत असतात. दारामागच्या स्विचला क्रिया ११ दिली, की लेव्हल संपली.

लेव्हल ज्यात साठवतात त्या वॅड फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवायची जुनी पद्धत आहे. माझी ‘लिंब१२’. झिप करताना सोबत एक साधी मजकुराची फाइल घाला: कुठल्या गेमसाठी, कुठल्या इंजिनात तपासली, किती दिवस लागले. मी त्यात विहिरीला जायची वाटही लिहिली, साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की नागेवाडीच्या फाट्यावरून आत.