लिनक्स टाकताना एसएसडी दिसतच नाही? आधी कंट्रोलर पाहा

रविवारी लोकमान्य नगरात मावशीकडे पोहे-जलेबी झाली आणि मावसभावाने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. विंडोज मजेत चालतंय, पण उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह सोडून काही दिसत नाही. "दादा, डिस्क गेली," म्हणत तो जेल रोडवर नवी एसएसडी घ्यायला निघालेला. अरे, विंडोज काय हवेवर चालतंय का?

पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, उबुंटू चालवा, टर्मिनल उघडा. ‘एलएसबीएलके’ने डिस्कांची यादी मिळते. ‘एलएसपीसीआय डॅश के’ने कोणत्या कंट्रोलरला (डिस्क वगैरे हाताळणारी चिप) कोणता ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) लागलाय ते कळतं, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही. इथे मात्र एएचसीआय (साटा डिस्कांचा नेहमीचा ड्रायव्हर) लागलेला दिसला, म्हणून मीही क्षणभर फसलो. मग ‘सुडो डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) नोंदींत, चोर सापडला: ‘फाउंड 1 रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस’. बायोस (मशीन सुरू होतानाची सेटिंग) रेडवरून (अनेक डिस्का एकत्र जोडायचा मोड) एएचसीआयवर न्या, हा उपायही कर्नलने तिथेच लिहून ठेवलेला असतो.

इंटेलच्या आरएसटी या डिस्क सांभाळायच्या सोयीमुळे एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा प्रकार) साटा (जुन्या धाटणीच्या डिस्कांची जोडणी) कंट्रोलरच्या आड जाते. विंडोजकडे तिचा ड्रायव्हर असतो, लिनक्सला ती हाताळता येत नाही.

पण थेट बायोस बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवा. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूट या टॅबवर सेफ बूटला टिक करा. रीस्टार्ट करून बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा (11व्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर बहुधा व्हीएमडी, म्हणजे इंटेलचीच तशी सोय, बंद करायचं असतं). विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की टिक काढून टाका. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, तेव्हा पासवर्ड आठवतोय ना ते आधीच बघा. भाऊ तिथेच अडकला, अर्धा तास गेला. दोन डिस्कांचं खरंखुरं रेड असेल, तर मात्र या सेटिंगला हात लावू नका.

फेडोराची (लिनक्सचा आणखी एक प्रकार) डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ड्रॅकटचा (तिथलं बूटची फाइल बनवणारं साधन) काळा पडदा आला, तर दुखणं वेगळं. तिथल्या इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी चढणाऱ्या त्या फाइलमध्ये, जुन्या मशीनपुरतेच ड्रायव्हर असतात. बूट मेनूतून ‘रेस्क्यू’ निवडून आत जा आणि ‘सुडो ड्रॅकट डॅश डॅश फोर्स डॅश डॅश रीजनरेट-ऑल’ चालवा.

आणि साटा डिस्कवर डीमेसेजमध्ये ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ पुन्हा पुन्हा येत असेल, स्मार्टमधला (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी) 199 क्रमांकाचा सीआरसी, म्हणजे डेटा पाठवतानाच्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आधी केबल बदला. त्यासाठी जेल रोडला खुशाल जा.